दंडावरची चकती काय सांगते?

वार्षिक परीक्षेचा पहिला दिवस आहे. पर्यवेक्षक वर्गातून फिरत आहेत. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या दंडावर, बाहीच्या कडेशी, मोठ्या नाण्याएवढी एक पांढरी चकती चिकटवलेली त्यांना दिसते. ‘हे काय आहे? काढून ठेव आधी.’ मुलगी गोंधळते. एकदा काढली की ती चकती पुन्हा लावता येत नाही, फेकूनच द्यावी लागते, हे तिला माहीत आहे. पर्यवेक्षकांना ते माहीत नाही. पेपर सुरू व्हायला पाच मिनिटे उरली आहेत.

हा प्रसंग आम्ही कल्पनेने लिहिला आहे, पण तो कोणत्याही शाळेत घडू शकेल असाच आहे. ही चकती म्हणजे सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर. मधुमेह असलेल्या मुलांच्या आणि मोठ्यांच्या दंडावर तो आता अधूनमधून दिसू लागला आहे. तो काय मोजतो, कसा मोजतो, त्याच्या आकड्यावर किती विसंबावे आणि शिक्षक म्हणून आपण त्याबद्दल काय जाणून घ्यावे, हे या लेखात पाहू. त्यात लागणारे बरेचसे विज्ञान आणि गणित आपण वर्गात शिकवतोच.

एक चमचा साखर

आधी एक छोटे गणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरला (म्हणजे एका डेसिलिटरला) साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. सोयीसाठी १०० धरू. ५ लिटर म्हणजे ५० डेसिलिटर. म्हणून एकूण ग्लुकोज झाले ५००० मिलिग्रॅम, म्हणजेच ५ ग्रॅम. सगळ्या शरीराच्या रक्तात मिळून जेमतेम एक चमचा साखर!

आता दुसरी बाजू पाहा. आपला मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. तासाला हिशेब केला तर ५ ग्रॅम. म्हणजे रक्तातली सगळी साखर एकट्या मेंदूलाच तासाभरात पुरायची. तरीही रात्री आठ तास झोपून, काही न खाता, आपण सकाळी ठणठणीत उठतो. कारण यकृत आपल्या साठ्यातून ग्लुकोज रक्तात सोडत राहते. उलट, दोन वाट्या भात खाल्ला तर त्यातल्या पिष्टमय पदार्थापासून कितीतरी चमचे ग्लुकोज तास-दोन तासांत रक्तात येते. तरीही पातळी फारशी वर जात नाही, कारण स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते आणि त्याच्या आज्ञेने स्नायू, चरबी आणि यकृत हे ग्लुकोज वापरतात किंवा साठवून ठेवतात.

मधुमेहात हा तोल बिघडतो. पहिल्या प्रकारात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच नष्ट करते. हा प्रकार बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो आणि त्यात बाहेरून इन्शुलिन घेण्याला पर्याय नसतो. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही, आणि पुढे ते कमीही पडू लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे. त्यांतले बहुसंख्य लोक दुसऱ्या प्रकारातले आहेत.

जो माणूस इन्शुलिन टोचून घेतो, तो एका अर्थाने आपल्या स्वादुपिंडाचे काम स्वतः करत असतो. स्वादुपिंडाला क्षणाक्षणाला साखरेची पातळी कळत असते. माणसाला ती कळायची कशी?

परीक्षानळीपासून दंडापर्यंत

मधुमेह या नावातच मध आहे. लघवीतला गोडवा हे या आजाराचे लक्षण आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनी नोंदले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने लघवीतली साखर ओळखण्याचे द्रावण तयार केले. हीच आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतली बेनेडिक्टची परीक्षा. निळे द्रावण तापवले की साखरेच्या प्रमाणानुसार हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी लाल होते. कित्येक दशके मधुमेही माणसे घरच्या स्टोव्हवर हाच प्रयोग करत होती.

पण या परीक्षेत एक मोठी उणीव होती. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच मूत्रपिंडे ती लघवीत सोडू लागतात. म्हणजे द्रावण निळे राहिले, तर साखर १७० आहे, १०० आहे की ४० आहे, हे कळायला मार्ग नाही. आणि ४० म्हणजे तर जिवावरचा प्रसंग. शिवाय लघवी काही तासांपूर्वीची बातमी सांगते.

इन्शुलिनचा शोध १९२१ साली टोरोंटोत लागला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले आणि तो वाचला. औषध मिळाले, पण ते किती द्यायचे हे ठरवण्याचे साधन मात्र पुढची कित्येक वर्षे बेनेडिक्टचे द्रावणच होते. रक्ताच्या एका थेंबावरून रंग बदलणारी पट्टी १९६० च्या दशकात आली. तो रंग मोजणारे यंत्र १९७० च्या सुमारास आले आणि त्यानंतर हळूहळू घरात वापरण्याजोगे ग्लुकोमीटर मिळू लागले.

साखर काटेकोरपणे आवरल्याने खरेच फायदा होतो का, या प्रश्नाचे उत्तर १९९३ साली मिळाले. अमेरिका आणि कॅनडातल्या पहिल्या प्रकारच्या १४४१ मधुमेहींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की साखर नेटाने आटोक्यात ठेवणाऱ्यांमध्ये डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांचे विकार बरेच कमी झाले. मात्र याच लोकांमध्ये साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग जवळजवळ तिप्पट झाले. साखर वर राहिली तर वर्षांनी नुकसान होते आणि फार खाली गेली तर मिनिटांत. या दोन्हींच्या मधून वाट काढायची, तर दिवसातून चार वेळा बोट टोचून भागत नाही. सतत मोजणाऱ्या साधनाची गरज होती ती इथे.

असे पहिले साधन अमेरिकेत १९९९ साली मान्य झाले. ते तीन दिवस आकडे साठवायचे आणि मग डॉक्टर ते पाहायचे. त्या त्या वेळी रुग्णाला काहीच कळत नसे. पुढे आकडे लगेच दिसू लागले. २०१४ साली युरोपात फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर आला. तो १४ दिवस चालायचा आणि त्याचे आकडे जुळवून घेण्यासाठी बोट टोचावे लागत नसे. आज वापरात असलेले बहुतेक सेन्सर सुमारे दहा ते पंधरा दिवस चालतात.

चकतीच्या आत

चकतीखाली केसासारखी बारीक, लवचीक तार असते. लावताना एक सुई ती तार त्वचेखाली साधारण अर्धा सेंटिमीटर सोडते आणि सुई लगेच बाहेर येते. म्हणजे ‘दंडात सुई रुतलेली आहे’ हा समज चुकीचा आहे.

तारेच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या वितंचकाचा लेप असतो. वितंचक म्हणजे एन्झाइम. हे वितंचक ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवता येते. कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी दिसते, ती हीच बुरशी! बेनेडिक्टचे द्रावण ग्लुकोजशी तसेच फ्रुक्टोज, माल्टोज अशा अनेक शर्करांशी क्रिया करते. ग्लुकोज ऑक्सिडेज मात्र जवळजवळ फक्त ग्लुकोजशीच क्रिया करते. शरीरातल्या शेकडो पदार्थांच्या गर्दीतून नेमका एकच ओळखायचा, तर असाच चोखंदळ पदार्थ हवा.

हे वितंचक ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. एका पद्धतीत ते ऑक्सिजनकडे जातात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. या पेरॉक्साइडचे प्लॅटिनमच्या तारेवर विघटन झाले की वीजप्रवाह वाहतो. दुसऱ्या पद्धतीत ऑस्मियम धातूचे संयुग मध्यस्थाचे काम करते आणि इलेक्ट्रॉन सरळ तारेपर्यंत पोहोचवते. दोन्हींत तत्त्व एकच आहे: जितके ग्लुकोज जास्त, तितका वीजप्रवाह जास्त. हा प्रवाह अतिशय सूक्ष्म, म्हणजे अँपियरच्या अब्जांशात मोजावा लागेल इतका असतो. चकतीतले इलेक्ट्रॉनिक मंडल तो मोजते, त्याचे आकड्यात रूपांतर करते आणि बिनतारी संदेशाने फोनवर किंवा छोट्या वाचक यंत्रावर पाठवते. दर पाच मिनिटांनी एक नोंद धरली, तरी दिवसाला २८८ नोंदी होतात.

वितंचकाचा इलेक्ट्रोडवर असा उपयोग करता येईल, ही कल्पना लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली होती. कल्पनेपासून दंडावरच्या चकतीपर्यंत यायला चार-पाच दशके लागली. शरीराच्या आत तार दिवसेंदिवस काम करत राहावी, तिच्यावरचा लेप टिकावा, शरीराने तिला फार विरोध करू नये, या अडचणी एकेक करून सोडवाव्या लागल्या.

रक्त नव्हे, पेशींभोवतीचा द्रव

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही तार रक्तवाहिनीत नसते. त्वचेखाली पेशींच्या सभोवती जो द्रव असतो, त्यातले ग्लुकोज ती मोजते. ग्लुकोज केशवाहिन्यांच्या भिंतीतून झिरपून या द्रवात येते. त्यासाठी वेळ लागतो. म्हणून सेन्सरचा आकडा रक्ताच्या मागे साधारण पाच ते दहा मिनिटे, कधी त्याहून थोडा जास्त असतो.

साखर स्थिर असेल तर या उशिराने काही बिघडत नाही. पण ती झपाट्याने बदलत असेल तर? समजा, मैदानावर खेळणाऱ्या मुलाचा सेन्सर ११० दाखवत आहे, साखर मिनिटाला २ मिलिग्रॅम या वेगाने उतरते आहे आणि उशीर १० मिनिटांचा आहे. तर रक्तातली साखर या क्षणी ११० नसून ११० वजा २०, म्हणजे सुमारे ९० असणार. याच वेगाने ती आणखी १० मिनिटांत ७० वर येईल. ७० च्या खाली गेली की साखर कमी झाली असे मानतात. ‘११० म्हणजे उत्तम, खेळ अजून अर्धा तास’ असे आपण म्हणालो, तर ते चुकेल.

म्हणूनच सेन्सर आकड्याबरोबर एक बाणही दाखवतो. आडवा बाण म्हणजे साखर स्थिर. तिरपा बाण म्हणजे ती हळूहळू चढते किंवा उतरते आहे. सरळ वर किंवा खाली असलेला बाण म्हणजे वेग मोठा आहे, साधारण मिनिटाला २ मिलिग्रॅमहून जास्त. आठवीनववीच्या मुलांना आपण आलेखाचा चढ शिकवतो, तोच हा. मुलांचा ‘याचा उपयोग काय?’ हा नेहमीचा प्रश्न असतो. त्याचे एक उत्तर इथे आहे.

सरासरी काय लपवते

मधुमेहींची नेहमीची तपासणी म्हणजे एचबीएवनसी. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटले आहे, हे त्यात मोजतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तपासणी उपयोगाची आहेच, पण ती सरासरी आहे. तिचे दुबळेपण समजण्यासाठी पुढील सराव मुलांकडून करून घ्या. आकडे काल्पनिक आहेत.

‘क’ आणि ‘ख’ या दोघांची दर तीन तासांनी घेतलेली साखर, पहाटे ३ वाजल्यापासून रात्री १२ पर्यंत:

क : १३०, १४०, १६५, १५५, १७०, १५०, १६०, १३०
ख : ५५, ९०, २६०, १२०, २४०, ६५, २५०, १२०

दोन्ही ओळींची बेरीज १२०० येते आणि सरासरी १५०. एवढ्या सरासरीला एचबीएवनसी सुमारे ६.९ टक्के येईल. दोघांचाही अहवाल सारखाच आणि बरा! आता दोन्ही आलेख एकाच कागदावर काढायला सांगा. ‘क’चा आलेख लहान लाटांचा आहे. ‘ख’ मात्र पहाटे ५५ पर्यंत घसरतो आणि सकाळी २६० वर जातो. त्याच्या आठ नोंदींपैकी तीनच ७० ते १८० या पट्ट्यात आहेत. पहाटे तीन वाजता ‘ख’ घामाघूम होऊन उठला असेल, किंवा उठलाच नसेल. सरासरीला त्याचा पत्ता नाही.

म्हणून सेन्सर वापरणाऱ्यांसाठी ‘पट्ट्यातला वेळ’ हे नवे माप आले. २०१९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याची उद्दिष्टे ठरवली. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी ती अशी: ७० ते १८० या पट्ट्यात ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी. टक्क्यांचे तास करून पाहिले, तर ही मापे डोळ्यांसमोर उभी राहतात. ७० टक्के म्हणजे दिवसातले सुमारे १६ तास ४८ मिनिटे, आणि ४ टक्के म्हणजे तासाभरापेक्षाही थोडे कमी. म्हणजे शंभर टक्के वेळ पट्ट्यात राहण्याची अपेक्षा तज्ज्ञही करत नाहीत. मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे. वृद्ध आणि अशक्त लोकांसाठी पट्ट्यातल्या वेळेचे उद्दिष्ट आणखी सैल असते, कारण त्यांच्या बाबतीत साखर उतरण्याचा धोका अधिक मोठा असतो.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा आहे. सिकलसेल, थॅलसेमिया किंवा रक्तक्षय असेल तर तांबड्या पेशींचे आयुष्य आणि हिमोग्लोबिन बदलते, आणि एचबीएवनसी फसवी येऊ शकते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. अशा रुग्णांच्या बाबतीत प्रत्यक्ष साखर मोजण्याला विशेष महत्त्व आहे.

रोजच्या दिवसात काय कळते

सेन्सरचा खरा उपयोग दोन आठवड्यांचे आलेख एकावर एक ठेवून पाहण्यात आहे. एखाद्या दिवशीचा चढ योगायोग असू शकतो, पण रोज त्याच वेळी येणारा चढ काहीतरी सांगत असतो.

पहाटे काही न खाता साखर चढलेली दिसते. अनेकांना वाटते, रात्री काही चुकीचे खाल्ले. पण पहाटे शरीरात काही संप्रेरके वाढतात आणि यकृत ग्लुकोज सोडू लागते, हे त्याचे कारण असू शकते. पूर्वी ‘उपाशीपोटीची साखर’ या एका आकड्यावरून हा फरक करता येत नसे.

न्याहारीचे पोहे आणि तेवढ्याच पिष्टमय पदार्थांची, पण सोबत मोडाची उसळ असलेली न्याहारी, यांचे आलेख वेगळे दिसू शकतात. प्रथिने आणि तंतुमय पदार्थ सोबत असले की ग्लुकोज सावकाश रक्तात उतरते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी नावाला उपवासाची असली, तरी साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आलेखावर हा ‘उपवास’ चांगलाच उंच डोंगर काढतो.

जेवणानंतर शतपावली करावी असे आपले वडीलधारे सांगत आले. आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनवाचूनही रक्तातले ग्लुकोज ओढून घेऊ शकतात. म्हणून जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालले, तर चढ बुटका होतो. हे ज्याने स्वतःच्या आलेखावर पाहिले, त्याला वेगळा उपदेश करावा लागत नाही.

खेळाचा आणखी एक परिणाम उशिरा दिसतो. दिवसभर मेहनत झाली की स्नायू आपला रिकामा झालेला साठा रात्रभर भरून काढतात. क्रीडामहोत्सवाच्या दिवशी इन्शुलिन घेणाऱ्या मुलाची साखर मैदानावर ठीक राहून मध्यरात्री उतरू शकते. धोक्याची सूचना देणारा सेन्सर अशा वेळी आईवडिलांना झोपेतून उठवतो. आधीची कित्येक वर्षे हेच आईवडील रात्री दोन वाजता गजर लावून, उठून, झोपलेल्या मुलाचे बोट टोचत आले आहेत.

इन्शुलिनचा डोस बदलण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पद्धतीनेच घ्यायचा. एक चढ दिसला म्हणून लगेच इन्शुलिन, पुन्हा अर्ध्या तासाने आणखी इन्शुलिन, असे केले तर आधीच्या डोसचा परिणाम बाकी असतानाच पुढचा भर पडतो आणि साखर कोसळते. सेन्सर आणि इन्शुलिनचा पंप यांना जोडून डोसचा काही भाग आपोआप ठरवणारी यंत्रणा अमेरिकेत २०१६ साली प्रथम मान्य झाली. तिच्यातही जेवणाचा अंदाज माणसालाच द्यावा लागतो.

चकती कुठे चुकते

कोणतेही मोजमाप चुकीच्या मर्यादेसह असते, हे आपण विज्ञानाच्या पहिल्या धड्यात सांगतो. आजच्या चांगल्या सेन्सरची चूक सरासरी ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे १०० हा आकडा ९० किंवा ११० असू शकतो, क्वचित आणखी दूरही. लावल्यानंतरच्या पहिल्या दिवशी आकडे कमी भरवशाचे असतात.

ज्या दंडावर चकती आहे, त्याच कुशीवर झोपले तर त्या जागी दाब पडतो, द्रवाचा पुरवठा कमी होतो आणि साखर खाली गेल्याचा खोटा इशारा मिळतो. कूस बदलली की आकडा पूर्ववत होतो. काही औषधेही घोटाळा करतात. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा, पॅरासिटामॉल आणि सिकलसेलसाठी दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया यांमुळे काही विशिष्ट सेन्सरांचे आकडे बिघडतात. कोणत्या सेन्सरवर कशाचा परिणाम होतो, हे त्याच्या माहितीपत्रकात वाचावे.

म्हणून नियम सोपा आहे. आकडा एक सांगतो आणि शरीर दुसरे सांगते, अशा वेळी बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहायचे. सेन्सर लावला म्हणून ग्लुकोमीटर अडगळीत टाकायचा नाही.

आणि खर्च? एक सेन्सर काही हजार रुपयांचा असतो. तो दोन आठवडे चालला, तर वर्षाला २६ लागतात. बहुसंख्य कुटुंबांना हे झेपणारे नाही. हे लपवून या साधनाचे कौतुक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सतत सेन्सर ठेवण्याचा सर्वांत जास्त फायदा इन्शुलिन घेणाऱ्यांना, विशेषतः पहिल्या प्रकारच्या मुलांना होतो. फक्त गोळ्या घेणाऱ्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने अधूनमधून दोन आठवडे लावला, तरी आपल्या जेवणाबद्दल आणि चालण्याबद्दल पुष्कळ शिकता येते. ज्यांना तोही शक्य नाही, त्यांनी जेवणापूर्वी आणि जेवणानंतर दोन तासांनी, वेगवेगळ्या दिवशी, ग्लुकोमीटरने जोडीच्या नोंदी घेतल्या तर चित्राचा मोठा भाग हाती येतो.

मधुमेह नसलेली काही माणसेही हौसेने सेन्सर लावू लागली आहेत. जेवणानंतर निरोगी माणसाची साखरही १३०-१४० पर्यंत चढते. तो आजार नव्हे. त्या चढाच्या भीतीने भात, फळे सोडून बसणे हे विज्ञान नव्हे.

शाळेत आपण काय करावे?

पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले मूल वर्गात असेल, तर काही गोष्टी प्रत्येक शिक्षकाला माहीत हव्यात.

साखर उतरू लागली की हात थरथरतात, घाम येतो, भूक लागते, मूल चिडचिडे होते, अक्षर बिघडते, प्रश्न कळेनासा होतो. याला ‘लक्ष नाही’ असे समजून ओरडू नये. ७० च्या खाली आकडा किंवा ही लक्षणे दिसली, की सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी. लहान मुलांना कमी पुरते. किती द्यायची ते पालकांकडून लिहून घ्यावे. १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. इथेही उशीर लक्षात ठेवा: साखर दिल्यावर रक्तातली पातळी सुधारलेली असते, पण सेन्सर काही मिनिटे खालचाच आकडा दाखवतो. म्हणून शक्य तर बोट टोचून पाहावे. अशा मुलाला एकटे दुसऱ्या खोलीत किंवा घरी पाठवू नये. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून ताबडतोब वैद्यकीय मदत मिळवावी.

साखर वाढलेली असेल तर तहान लागते आणि वारंवार लघवीला जावे लागते. परवानगी नाकारू नये. कवायतीच्या तासाआधी आकडा आणि बाण दोन्ही पाहायला मुलाला दोन मिनिटे द्यावीत.

परीक्षेचे काय? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ सालीच पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे, खाणे आणि पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली राज्यांना पत्र लिहून अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावे आणि सेन्सर, पंप यांसारखी साधने परीक्षेतही ठेवू द्यावीत असे सांगितले. आकडा फोनवर येत असेल तर तो फोन पर्यवेक्षकांच्या टेबलावर ठेवता येतो. ही व्यवस्था परीक्षेच्या आधीच, पालक आणि मुख्याध्यापक यांनी बसून ठरवावी. घंटा झाल्यावर नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मुलाचा आकडा ही त्याची खासगी बाब आहे. वर्गात सर्वांसमोर ‘आज किती आहे रे?’ असे विचारू नये. आकडा वाढला तर ‘काय खाल्लेस?’ हा पहिला प्रश्न नसावा. सर्दी-ताप, परीक्षेची भीती, अपुरी झोप यांनीही साखर चढते. हा आकडा म्हणजे मुलाला दिलेले गुण नव्हेत. तो पुढे काय करायचे ते ठरवण्यासाठी असतो.

आता पुन्हा त्या परीक्षेच्या वर्गात जाऊ. पर्यवेक्षक मुलीजवळ येतात, चकती पाहतात आणि हळू आवाजात एवढेच विचारतात, ‘साखरेचा पुडा जवळ आहे ना?’ ती मान हलवते. पेपर सुरू होतो. एवढे घडायला महागडे यंत्र लागत नाही. वर्गातल्या मोठ्या माणसाला थोडे विज्ञान माहीत असले की पुरते.